नवा प्लांट नंतर बांधा, आधी जुन्याच्या पोटात काही पडू द्या

प्रति,
नवनिर्वाचित नगराध्यक्ष आणि सर्व सन्माननीय नगरसेवक-नगरसेविका,

सप्रेम नमस्कार.

विजयी मिरवणुकीचा गुलाल अजून वेशीच्या कमानीवर आहे आणि मी गटाराचं गाऱ्हाणं घेऊन आलो, याबद्दल आधीच माफी मागतो. पण पहिल्याच सर्वसाधारण सभेपुढे दोन ठराव येणार असल्याचं कळलं, एक नदीकाठ सुशोभीकरणाचा आणि दुसरा नव्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाचा. दुसऱ्या ठरावाने माझी झोप उडाली. तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मला फक्त एवढंच सांगायचंय, की आपल्या गावाकडे एक प्लांट आहे आणि तो उपाशी आहे.

मी त्या प्लांटवर अकरा वर्षं शिफ्टमध्ये काम केलं. गावात त्याला एसटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प, असं कुणी म्हणत नाही. रिक्षावाल्याला 'गटाराच्या कारखान्यावर सोड' म्हटलं की तो बिनचूक सोडतो, आणि भाडं घेताना जरा लांबूनच घेतो. अकरा वर्षांत उद्घाटनाची कोनशिला सोडली तर तिथं कुणा पदाधिकाऱ्याची खूण मला दिसली नाही. यात तक्रार अशी नाही. तिथं येण्याची हौस कुणाला असणार?

पण कुणी आलंच असतं, तर मी त्यांना आधी टाक्यांकडे नेलं नसतं. मागच्या भिंतीपाशी नेलं असतं. भिंतीच्या आत आपल्या टाक्या आहेत आणि बाहेर, दोनशे पावलांवर, नाला आहे. आत किती पाणी येतं ते दाखवणाऱ्या मीटरचा काटा निम्म्याच्या खाली रेंगाळतोय, हवा फुंकणारा ब्लोअर चालू, माणसं हजर, आणि बाहेरून तेच सांडपाणी काळंभोर होऊन नदीकडे चाललंय. उन्हाळ्याच्या दुपारी त्या भिंतीवर कोपर टेकून मी कितीदा उभा राहिलो असेन. मीटर निम्म्यापलीकडे जायचा तो बहुधा पावसाळ्यात, चेंबरच्या फटींतून पावसाचं पाणी शिरलं की. ते तर स्वच्छच पाणी. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

कारण सगळ्या गावाला ठाऊक आहे, फक्त ते ठरावात लिहिलं जात नाही. भुयारी गटाराची मुख्य लाइन पडली. रस्ते खोदले गेले, दोन पावसाळे चिखलात गेले, पुन्हा डांबर पडलं. दारादारासमोर चेंबर आलं. पण घराची न्हाणी आणि संडास त्या चेंबरला जोडलेच गेले नाहीत. अजूनही संडासाची टाकी भरून वाहते ती उघड्या नालीत, नाली नाल्यात, नाला नदीत. आणि न्हाणीचं, भांड्यांचं, कपड्यांचं पाणी तर थेट नालीत. प्लांट या वाटेवर येतच नाही.

हे फक्त आपलंच दुखणं आहे असंही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये जी गोळाबेरीज छापली, त्यात देशातल्या शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघतं असं म्हटलंय. प्रकल्पांची उभी क्षमता ३१,८४१, आणि खरोखर प्रक्रिया होते ती २०,२३६ दशलक्ष लिटरवर. पहिले दोन आकडे पाहून सगळे म्हणतात, प्लांट कमी आहेत. खरंच आहेत. पण मधल्या आणि शेवटच्या आकड्यात जी अकरा हजारांहून मोठी दरी आहे, ती माझ्यासारख्याला आधी दिसते. ते बांधून तयार असलेले, फीत कापलेले, भुकेलेले प्लांट आहेत.

आता भुकेलेला म्हणजे काय, ते सांगतो. तुम्ही पाहिलेल्या पिण्याच्या पाण्याच्या फिल्टर प्लांटशी याची तुलना करू नका. तिथं तुरटी, वाळू आणि क्लोरीन बरंचसं काम उरकतात. आमच्याकडे काम करतात ते जिवंत जंतू, आणि ऑपरेटर हा त्यांचा गुराखी.

पाणी आधी जाळीवर येतं. गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या, सॅनिटरी पॅड, चिंध्या, एकदा लहान मुलाची अख्खी चड्डी. एकदा कानातलं सापडलं, सगळे जमले, सोनाराने सांगितलं खोटं आहे. जाळीनंतर वाळू-रेती खाली बसते. आणि मग मुख्य टाकी, जिला आम्ही एअरेशन म्हणतो. तळाशी रबरी चकत्या असतात, त्यांतून ब्लोअर हवा सोडतो आणि अख्खी टाकी खदखदते. त्या हवेवर कोट्यवधी जंतू जगतात आणि मैल्यातली घाण खातात. खाऊन ते एकमेकांना चिकटतात, त्यांचे जड पुंजके होतात. पुढच्या टाकीत हवा बंद, तिथं पुंजके गाळ होऊन तळाला बसतात आणि वरचं निवळ पाणी सांडव्यावरून पुढे जातं, त्याला क्लोरीन देतात. बसलेल्या गाळातला बराचसा पुन्हा हवेच्या टाकीत सोडायचा. विरजण राखून ठेवतो तसं. ही विरजणाची युक्ती १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी दाखवली. आधी नुसती हवा देऊन पाणी शुद्ध व्हायला त्यांना पाच आठवडे लागत होते. गाळ टाकून न देता तोच पुन्हा वापरला, तेव्हा काम तासांवर आलं. आपल्या गावच्या प्लांटचा आत्मा तोच आहे.

माझं रोजचं पहिलं काम म्हणजे एक लिटरचं काचेचं नळकांडं. टाकीतलं पाणी त्यात भरायचं, ओट्यावर ठेवायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. चांगल्या दिवशी चॉकलेटी गाळ हळूहळू खाली उतरतो, अडीचशे-तीनशेच्या खुणेपाशी थांबतो आणि वर पाणी असं निवळतं की पलीकडचं वर्तमानपत्र वाचता यावं. त्या गाळाला घाण वास येत नाही, यावर कुणाचा विश्वास बसत नाही. त्याला ओल्या मातीचा वास येतो. सूक्ष्मदर्शकाखाली देठावर डुलणाऱ्या उलट्या घंटेसारखा एक जीव दिसला की समजायचं, आज घरी निवांत जेवायचं.

आणि वाईट दिवशी? गाळ बसतच नाही, कापसासारखा फुगून नळकांड्यात तरंगत राहतो. किंवा काळा पडतो, सडक्या अंड्याचा वास सुटतो. म्हणजे जंतूंना एक तर हवा मिळाली नाही किंवा खायला मिळालं नाही. खायला मिळालं नाही, हे आपल्याकडचं नेहमीचं.

आपल्या गावात त्यात आणखी एक गंमत आहे. नळाला पाणी सहाव्या-सातव्या दिवशी येतं. ज्या दिवशी ज्या भागाला पाणी सुटतं, त्या दिवशी तिथल्या बायका आठवड्याचे कपडे धुवायला घेतात, गोधड्या धुतात, अंगण धुतात. तीन-चार तासांनी आमच्या पंपगृहात पाण्याची लाट येते. कोणत्या पेठेला पाणी आलं हे मला पालिकेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपआधी मीटरवर कळायचं. दुसऱ्या दिवशी मात्र सगळं पुन्हा ओसाड. आठवड्यातून एक दिवस जेवणावळ आणि सहा दिवस उपास, अशा जंतूंकडून तुम्ही काय काम घेणार? जास्त घरं जोडली गेली, वेगवेगळ्या पेठांचे वेगवेगळे दिवस एकमेकांत मिसळले, तर हीच लाट सपाट होते. म्हणजे पाणीटंचाईच्या गावाला घरजोडण्या इतरांपेक्षा जास्त हव्यात.

अर्धवट जोडलेल्या गटाराचं आणखी एक वाईट असतं, आणि ते जमिनीखाली असल्यामुळे दिसत नाही. गटार आपलं आपण साफ राहावं म्हणून पाण्याला त्यात किमान वेग लागतो, साधारण सेकंदाला ०.६ मीटर. पाइप हजार घरांच्या हिशोबाने टाकायचा आणि दोनशे घरं जोडायची, तर पाणी त्यात चालत नाही, रांगतं. मैला बसतो, कुजतो. त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, जो ओलाव्याशी आणि जंतूंशी मिळून सिमेंटच्या पाइपाचं छत खातो. मग लाइन चोक होते, चेंबर रस्त्यावर उलटतं, तुमचा फोन वाजतो आणि तुम्ही म्हणता 'माणूस पाठवा'.

तो माणूस चेंबरमध्ये उतरता कामा नये. हाताने मैला साफ करण्याला बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. गटारात मरण पावलेल्यांच्या वारसांना ३० लाख रुपये द्यायला सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. तरीही कंत्राटदाराचा मुकादम 'दोनच मिनिटांचं काम आहे' म्हणत दोर सोडतो, हे मी स्वतः पाहिलंय. चेंबरमधला हायड्रोजन सल्फाइड जास्त असेल तर तो आधी नाकाची वास घेण्याची ताकदच मारतो, त्यामुळे उतरणाऱ्याला वाटतं वास गेला, आता बरं आहे. तुमच्या काळात हे एकदाही होऊ देऊ नका. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गटार मोकळं करणारं जेटिंग मशीन घ्या, बिघडलेलं असेल तर दुरुस्त करा.

आता नदीकडे वळतो, कारण सुशोभीकरणाच्या नकाशात तिच्यात निळं पाणी रंगवलंय म्हणे.

मे महिन्यात आपली नदी वाहते ती आपल्या न्हाण्यांमुळे. दुसरं पाणीच नसतं तिच्यात. आपल्या काळ्या खडकात पाणी साठतं ते भेगांत आणि वरच्या मुरमाच्या थरात. म्हणजे जे नदीत, तेच काठच्या विहिरीत आणि बोअरमध्ये. खालच्या गावातले शेतकरी नाल्यात मोटार टाकून मेथी, पालक, कोथिंबीर काढतात. ती जुडी शनिवारच्या बाजारात आपल्याच पिशवीत येते. मी त्यांना दोष देत नाही. एप्रिलमध्ये वाहतं पाणी दिसल्यावर मोटार टाकणार नाही असा शेतकरी मला मराठवाड्यात दाखवा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही लहानपणी बैल याच नदीवर न्यायचो. पाण्यात उभं करून घासायचं, मग खांदेमळणी. आता शेजारच्या गावचे लोक बैलांना बोअरवर आणून बादलीने धुतात. विचारलं तर म्हणाले, "नदीत नेलं की बैल पाण्याला तोंड लावतंय, आन मग दोन दिवस गव्हाणीकडं बघत नाही."

आणि आपलं पाणी खालच्या गावाशी थांबत नाही. बीडची बिंदुसरा सिंदफणेत जाते, सिंदफणा मंजरथला गोदावरीला मिळते. जालन्याची कुंडलिका दुधनेत, दुधना पूर्णेत, पूर्णा गोदावरीत, आणि पुढे विष्णुपुरीचा जलाशय, जिथून नांदेड पाणी पितं. छत्रपती संभाजीनगरचं तर वर्तुळच पूर्ण होतं. शहर पिण्याचं पाणी पैठणच्या नाथसागर जलाशयातून पंपाने चढवून आणतं आणि शहरातून वाहणारी खाम पुढे नाथसागराच्या फुगवट्यालाच मिळते. चढवायला वीज लागते, उतरायला लागत नाही. आपल्याकडची म्हातारी माणसं गोदावरीला अजून गंगाच म्हणतात, तिच्या काठाला गंगथडी. त्या गंगेत आपण काय पाठवतो, हे ठरतं भिंतीच्या कोणत्या बाजूने पाणी जातं त्यावर.

फरक किती पडतो? पाण्यातली घाण खाऊन संपवायला जंतूंना किती प्राणवायू लागेल, त्याला बीओडी म्हणतात. आपल्याकडे नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवून तो मोजतात. कच्च्या सांडपाण्यात तो लिटरला दोनशे-तीनशे मिलिग्रॅम असतो. २०१७ च्या केंद्राच्या अधिसूचनेने आपल्यासारख्या गावांना मर्यादा घातली ३० ची. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती १० वर आणायला सांगितली. नदीने हा प्राणवायू स्वतःच्या पाण्यातून द्यायचा म्हटलं तर ती गुदमरते, मासे जातात, उरतं जलपर्णीचं रान. आमच्या टाकीत तो प्राणवायू ब्लोअर देतो, म्हणून प्लांटची निम्म्याहून जास्त वीज तिथंच जाते. आणि म्हणूनच बिल वाढलं की पहिली नजर ब्लोअरवर पडते. 'रात्री बंद ठेवा, कोण बघतंय' असा निरोप मलाही आलेला आहे. कुणाचा ते सांगत नाही, माणूस आता त्या खुर्चीत नाही. रात्रभर हवा बंद म्हणजे सकाळी काळा गाळ, आणि ते विरजण पुन्हा लागायला पंधरा-पंधरा दिवस. त्या काळात प्लांट चालू असतो, बिल येतं, रजिस्टर भरलं जातं आणि नदीत जातं ते जवळपास जसंच्या तसं.

पुढचा मुद्दा तुमच्या आवडीचा आहे, उत्पन्नाचा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, म्हणजे पाण्याच्या टाकीचे दहा डबे, पाच लाख लिटर; पुढे पन्नास वाघिणींची गाडी, २५ लाख लिटर. आता हिशोब करा. माणशी १३५ लिटर पाणी हे शहरांसाठीचं प्रमाण, त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं असं धरतात. ५० हजार वस्तीच्या गावातून रोज ५४ लाख लिटर. आपल्याला इतकं पाणी मिळत नाही, म्हणून निम्मं धरा. तरी पन्नास वाघिणींची एक गाडी रोज आपल्या नालीतून निघून जाते, आणि तिच्या स्वागताला कुणी हार घेऊन जात नाही.

हे पाणी पिण्याचं नाही, आधीच सांगून ठेवतो, नाहीतर कुणीतरी भाषणात भलताच अर्थ काढेल. पण बांधकामाला, दुभाजकांच्या झाडांना, कारखान्यांना, वीज केंद्राच्या थंड करण्याच्या मनोऱ्यांना ते चालतं. नागपूरच्या भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. २०१६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणाने तर मलप्रक्रिया केंद्राच्या ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांना हे पाणी वापरणं बंधनकारक केलं. पाण्याअभावी परळीचं वीज केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये बंद ठेवावं लागलं होतं, ते आपल्याच मराठवाड्यात.

एक विनंती मात्र करतो. सगळं पाणी विकून टाकू नका. उन्हाळ्यात नदीत जे वाहतं ते हेच आहे, असं मी वर म्हटलं. ते स्वच्छ केलं आणि पाइपात घालून कारखान्याला दिलं, तर खालच्या गावांच्या विहिरी कोरड्या पडतील आणि ते म्हणतील, घाण होतं तेव्हाच बरं होतं. नदीचा वाटा आधी काढून ठेवा, मग सौदा करा. या बाबतीत माझं आणि आमच्या जुन्या साहेबांचं कधी जमलं नाही. त्यांना प्लांटचं पाणी म्हणजे पालिकेची मालमत्ता वाटायची.

पैशाची अडचण मला कळते. पण न करण्याचाही खर्च आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये हरित लवादाने घनकचरा आणि सांडपाण्याच्या हेळसांडीबद्दल महाराष्ट्राला १२ हजार कोटी रुपये भरपाई ठोठावली, त्यातला मोठा भाग सांडपाण्यापोटीच होता. लवादाने विचारलं ते किती सांडपाणी प्रक्रियेविना राहतं. किती प्लांट बांधले, हा मुद्दाच नव्हता.

घरजोडणीला लोक का तयार होत नाहीत, तेही सांगतो, कारण मी घरोघर फिरलोय. पहिलं, टाकी बांधायला त्यांनी आधीच पैसे घातलेत. दुसरं, जोडणीसाठी अंगणातली नवी फरशी फोडायची असते. तिसरं, अनामत, अर्ज, प्लंबर, आणि रस्ता फोडण्याची परवानगी, म्हणजे चार चकरा. घर भाड्याचं असेल तर विषयच संपला. एका काकू मला म्हणाल्या, "आमची टाकी वीस वर्षांत भरली नाही बघा." मी त्यांना सांगू शकलो नाही की न भरणारी टाकी म्हणजे तळ फुटलेली टाकी, आणि त्यांचं बोअर तिच्यापासून पंधरा फुटांवर आहे. सांगायला हवं होतं.

म्हणून अर्जाची वाट पाहू नका. पालिकेनेच गल्ली धरून सगळ्या घरांच्या जोडण्या करून द्याव्यात, फरशीसकट पूर्ववत करून, आणि खर्च घरपट्टीत हप्त्याहप्त्याने घ्यावा. ज्यांना तेवढंही जमत नाही त्यांना माफ करा, नव्या प्लांटच्या तुलनेत ती चिल्लर असेल. प्रत्येक प्रभागात किती घरं आणि त्यातली किती जोडली, हा आकडा दर महिन्याला पालिकेच्या फळ्यावर लिहा. तुमच्या नावाशेजारी. जिथं लाइनच पोहोचलेली नाही, त्या नव्या वसाहतींच्या टाक्या गाडीने उपसून तो मैला रात्री नाल्यात ओतला जातो. ती गाडी आमच्या फाटकातून आत येऊ द्या. त्याला एक हौद आणि एक वही एवढंच लागतं. आमचा मीटर वर्षभर, पाऊस सोडून, ऐंशी टक्क्यांवर राहिला, तर दुसऱ्या प्लांटच्या ठरावाला पहिली टाळी मी वाजवीन. सुशोभीकरणाचे दिवेही तेव्हाच लावा, आत्ता लावलेत तर त्या उजेडात दिसणार काय आहे?

एक दिवस प्लांटवर या. पेठेला पाणी सुटतं त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी आठला, जुनी चप्पल घालून. फाटकावर आता नवा पोरगा आहे, तो हुशार आहे पण लाजतो, त्याच्याकडे नळकांडं मागा. अर्धा तास लागेल. तेवढ्या वेळात मी तुम्हाला मागच्या भिंतीपाशी घेऊन जाईन, तिथं सकाळी सावली असते.

आपला,
गटाराच्या कारखान्यावरचा एक निवृत्त ऑपरेटर